मातीची आंघोळ घरी करायची असेल तर

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा आहे. वय ५४. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. रात्री बारा वाजून गेले तरी झोप लागत नाही. सहा वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू आहे. भाचीनं बेंटोनाइट मातीचं एक किलोचं पाकीट ऑनलाइन मागवून दिलंय. त्यावर लिहिलंय की टबभर पाण्यात ही माती घालून अर्धा तास बसलं की अंगातली विषारी द्रव्यं बाहेर ओढली जातात. घरात टब नाही. सासूबाई म्हणतात, "विकतची माती कशाला? रानातली काळी माती आण की पाटीभर." मातीची आंघोळ घरी करावी का, आणि केली तर कशी?

ताई, सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण त्यांचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे.

शिरोळ, हातकणंगल्याकडचं काळं रान तुम्ही मे महिन्यात पाहिलं असेल. मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि चपलेला किलोभर चिखल लागतो. हे सगळं माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे होतं. त्याचे अतिशय पातळ थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक बसलेले असतात. पाणी या पत्त्यांच्या मधे शिरलं की माती फुगते, पाणी उडून गेलं की आकसते. आपल्या काळ्या मातीत हे खनिज भरपूर असतं, आणि बेंटोनाइट म्हणजे तर मुख्यतः हेच खनिज. आपल्या देशात ते कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून येतं. म्हणजे भाचीनं पाठवलेलं पाकीट आणि सासूबाईंचं रान एकाच कुळातलं आहे. एवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर.

पण रानातून पाटीभर माती आणू नका. उसाच्या रानात तणनाशक पडलेलं असतं, कीटकनाशक पडलेलं असतं, रासायनिक खत असतं. शेणखत टाकलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं टिकून राहतात. लोक म्हणतात, "आम्ही माती तव्यावर भाजून घेतो, उकळून घेतो." साध्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हसारखं दाबाखालचं १२१ अंशांचं तापमान लागतं. उघड्यावर शौच होत असलेल्या जागेची माती असेल तर अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरू शकते. आणि पंचगंगेच्या काठचा गाळ तर नकोच नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घराघरांत जो गाळ बसला होता तो हाताला लोण्यासारखा मऊ लागायचा, आणि माझ्याकडे दोघीतिघींनी तो डब्यात भरून आणला होता, "किती छान माती आलीय बघा" म्हणून. त्या मातीतून शहराचं सांडपाणी, उकिरडे, मेलेली जनावरं असं सगळं वाहून आलेलं होतं.

कुंभाराकडची तयार माती मागून आणू का, हेही खूप जण विचारतात, खास करून बेंदराच्या आधी, मातीची बैलं घ्यायला गेल्यावर. ती माती सुंदर मळलेली असते, पण भांड्यांसाठी मळताना तिच्यात राख आणि घोड्याची लीद घालायची पद्धत आहे. लीद म्हणजे पुन्हा धनुर्वात. गणपतीच्या कारखान्यात उरलेली शाडू नवी आणि कोरडी असेल तर ती निव्वळ मातीच असते, पण विसर्जनानंतर विरघळलेली, रंग मिसळलेली शाडू अंगाला लावायची नाही.

आता तालमीतल्या मातीबद्दल, कारण कोल्हापुरात मातीचा विषय निघाला आणि तालमीपर्यंत गेला नाही असं होत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जा. पोरं लाल मातीचा आखाडा फावड्यानं उकरत असतात. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर असं बरंच काही मुरवलेलं असतं. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर घामेजल्या अंगाला माती चोळून पैलवान शांत बसतात, घाम टिपला जातो, अंग हळूहळू निवतं. माझा मोठा भाऊ लहानपणी तालमीत जायचा, आणि घरी आल्यावर त्याच्या मानेला येणारा तो हळद-ताकाचा आंबूस वास मला अजून आठवतो. माझ्या मनात मातीविषयी जी ओढ आहे ती तिथूनच आली असावी. तरीही ती माती घरी आणू नका असंच मी सांगते. एकाच मातीत वीस-पंचवीस जणांचं अंग घासलेलं असतं. नायटा, गळू हे पैलवानांचे नेहमीचे त्रास आहेत. त्यांच्या कातडीला ती माती सोसते कारण ते रोज तिच्यात असतात, तरुण असतात, आणि लगेच भरपूर पाण्यानं आंघोळ करतात. मधुमेह असलेल्या तुमच्या कातडीला तो धोका नको.

आता पाकिटावरच्या दाव्याकडे येते. माती अंगातलं विष ओढून घेते हे खरं नाही. मी निसर्गोपचारच करते, माती हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणूनच हे ठामपणे सांगायची जबाबदारी माझी आहे. आपली कातडी चाळणी नाही. रक्तातला कचरा वेगळा काढणं यकृत आणि मूत्रपिंडांचं काम, ते चोवीस तास चालू असतं. घामातून जातं ते बहुतेक पाणी आणि मीठ. माती कातडीच्या पृष्ठभागावरचं तेल, घामाचा थर, सुटी झालेली मृत त्वचा शोषून घेते, एवढंच. टबातलं पाणी शेवटी गढूळ तपकिरी दिसतं ते मातीमुळे. अंगावरचा लेप काढताना काळपट दिसतो कारण ओली माती कोरडीपेक्षा गडदच दिसते. त्यात शिसं किंवा पारा बाहेर आलेला नसतो.

उलट शिसं कधी कधी मातीतूनच येतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं काही बेंटोनाइट उत्पादनांत शिशाचं प्रमाण जास्त आढळल्यावर लोकांना ती वापरू नका म्हणून सांगितलं होतं. माती जमिनीतून निघते, आणि जमिनीत शिसं, आर्सेनिक नैसर्गिकरीत्याही असू शकतं. अखंड कातडीवर वीस मिनिटं लावल्यानं मोठा धोका नसतो, पण तोंडात गेली, कोरडी पूड उडून नाकात गेली, तर असतो. म्हणून माती पाण्यात कालवून पिण्याचा जो प्रकार मोबाइलवर फिरतोय त्याच्या वाटेला जाऊ नका. शिसं सोडा, ती पोटातली औषधंही धरून ठेवते, म्हणजे तुमची मधुमेहाची गोळी घेतली तरी पूर्ण लागू पडेल याची खात्री नाही. घरात लहान मूल असेल किंवा गरोदर बाई असेल तर पाकीट वरच्या फळीवर ठेवा. गरोदरपणात माती खावीशी वाटणं आपल्याकडे नवीन नाही, आणि ते बहुतेक वेळा रक्तातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सौंदर्यप्रसाधनाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का ते बघा. नसेल तर ते अंगाला लावू नका. हे मी उगाच ताणून सांगत नाही. आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये साच्याच्या वाळूत बेंटोनाइटच घालतात, वाळू एकमेकींना धरून राहावी म्हणून. फौंड्रीत काम करणाऱ्या एका काकांनी पोत्यातलं ते पिशवीभर घरी आणलं आणि काकूंनी आठवडाभर तोंडाला आणि हातांना लावलं. माझ्याकडे आल्या तेव्हा हात पापडासारखे कोरडे, कोपराला भेगा. "अंग नुसतं खाजालंय बघा, रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई," म्हणाल्या. कारखान्यासाठीच्या बेंटोनाइटमध्ये सोडा मिसळून ते जास्त फुगेल असं केलेलं असतं. त्यामुळे ते फार अल्कधर्मी होतं. आपली कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते, आणि तो आम्लपणाच तिचं जंतूंपासून रक्षण करतो.

मग माती खरंच काय करते? ती पाणी धरून ठेवते आणि ऊब किंवा गारवा हळूहळू सोडते. ओलं फडकं पोटावर ठेवलं तर पाच मिनिटांत ते अंगाच्या तापमानाला येतं. मातीची जाड पट्टी वीस-पंचवीस मिनिटं गार राहते. गरम लेपाचंही तसंच, तो ऊब एकदम न देता सावकाश देत राहतो. गुडघ्याच्या झिजेत गरम मातीनं दुखणं थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि आराम मध्यम आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, माती भरून आणत नाही. आणि तिसरी गोष्ट मी माझ्या अनुभवातून सांगते: अंगावर माती असताना माणसाला हलता येत नाही, फोन घेता येत नाही, उठून गॅस बंद करायला जाता येत नाही. आपल्या घरांतल्या बायकांना दिवसात अशी वीस मिनिटं दुसऱ्या कुठल्याही निमित्तानं मिळत नाहीत.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका वाक्यात असं आहे: माती निवडताना तिच्या चमत्काराकडे बघू नका, स्वच्छतेकडे बघा. गारवा आणि ऊब साधी स्वच्छ माती देतेच.

माती कुठून आणायची? ज्या जागेत दहा-पंधरा वर्षं पीक, खत, फवारणी काही झालेलं नाही, जवळ गोठा, गटार, रस्ता नाही, अशा पडीक जागेतली, वरची दोन-तीन फूट माती बाजूला करून खालची. घराच्या किंवा विहिरीच्या खुदाईत अशी माती निघते. वारुळाची माती चांगली म्हणतात, पण त्यासाठी जिवंत वारूळ फोडू नका. आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. आणलेली माती फोडून, खडे-मुळं काढून चार-पाच दिवस कडक उन्हात पातळ पसरायची, मग मैद्याच्या चाळणीनं चाळायची. चाळताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, ही बारीक धूळ फुप्फुसाला वाईट.

चाळलेल्या मातीची परीक्षा घरीच होते. काचेच्या बरणीत चार बोटं माती घाला, वर पाणी, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, त्यानंतर तासा-दोन तासांत पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती खरी चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याहून जास्त असेल तर ती अंगावर खरखरते, सोडून द्या. मग चमचाभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. अशी माती कातडी फार कोरडी करते. हा सगळा खटाटोप नको असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये मिळणारी पाकीटबंद मुलतानी माती घ्या. खरं तर तुमच्यासाठी मी तीच सुचवेन.

आता तुमच्याबद्दल, आणि इथं मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

मधुमेहाला सहा वर्षं झालीत. तळपायाची संवेदना कमी झाली आहे का हे तुम्हाला स्वतःला कळेलच असं नाही, कारण कमी झालेली संवेदना जाणवत नाही, हाच त्यातला धोका आहे. तुमच्या डॉक्टरांकडे नायलॉनच्या तंतूनं तळपाय तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. झोपेसाठी बादलीभर गरम पाण्यात माती कालवून पाय बुडवून बसा असं मी इतर बऱ्याच जणांना सांगते, आणि त्याचा उपयोगही होतो: पायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंगाची आतली उष्णता बाहेर जाते आणि शरीराचं तापमान थोडं उतरलं की झोप येते. पण मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवत बसू नये. कातडी मऊ पडते, बोटांच्या बेचक्यांत चीर जाते, भाजलं तरी कळत नाही, आणि अशा चिरेतून पुढे काय काय होतं ते मी पाहिलं आहे. एका आजोबांचा अंगठा असाच गेला. त्यांनी माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर रोज कडक पाण्यात पाय बुडवले होते. तेव्हा तुमचे पाय घोट्याच्या खाली मातीपासून आणि गरम पाण्यापासून लांब. झोपेसाठी त्याऐवजी झोपायच्या दीड तास आधी कोमट पाण्यानं साधी आंघोळ करा. उष्णता बाहेर टाकण्याचं काम त्यानंही होतं.

तुमच्यासाठी सुरुवात पोटावरच्या मातीच्या पट्टीनं. हा आपल्याकडचा जुना, सौम्य उपचार आहे. गांधीजींना तो जर्मन निसर्गोपचारक अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांच्या लिखाणातून मिळाला आणि ते स्वतः पोटावर, डोक्यावर मातीच्या पट्ट्या ठेवायचे. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो आजही चालू आहे.

रात्री स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात पाऊण किलो चाळलेली माती घ्या, ती बुडेल एवढं पिण्याचं पाणी घाला आणि झाकून ठेवा. सकाळी लाकडी कालथ्यानं ढवळा. कणकेपेक्षा सैल, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, आणि मुठीत घेऊन हात उलटा केला तर बोटांमधून हळूहळू घसरावी पण गळू नये, अशी हवी. जुन्या धुवट सुती साडीचा तुकडा भिजवून पिळा, ताटावर पसरा आणि त्यावर दहा इंच लांब, सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड असा मातीचा थर हातानं सारखा करा. फडक्याच्या कडा वरून दुमडा. सकाळी रिकाम्या पोटी आडवं व्हा आणि बेंबीच्या खाली, ओटीपोटावर ही घडी ठेवा. वरून कोरडा टॉवेल.

पहिली दोन मिनिटं पोट आत ओढलं जातं, श्वास वर वर होतो. मग फडक्याचा गारवा सवयीचा होतो आणि श्वास आपोआप खाली पोटात उतरतो. घडी हळूहळू वर-खाली व्हायला लागते. मी जेव्हा बाजूला बसून हे पाहते, तेव्हा साधारण आठव्या-नवव्या मिनिटाला कपाळाची आठी सुटते. बरेच जण झोपतातच. वीस मिनिटं झाली की काढायची, ओल्या फडक्यानं पोट पुसायचं, तळहातानं कोरडं चोळून ऊब आणायची. आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे. पाळी चालू असताना, सर्दी-ताप-जुलाब असताना, पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नसताना नाही. सकाळची गोळी घेऊन न खाता पडून राहू नका. आधी पट्टी, मग नाश्ता आणि गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेप्रमाणे.

गुडघ्यांसाठी ऊब. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर मात्र ऊब नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. नसेल तर तीच कालवलेली माती स्टीलच्या डब्यात घालून डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. गॅसवर थेट ठेवू नका, तळाची माती चटका देण्याइतकी तापते आणि वरची गारच राहते. ढवळत ढवळत गरम करा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर ४० अंशांवर थांबा. नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायला सांगा. तुम्ही स्वतः पारख करू नका. गुडघ्यावर पातळ फडकं, त्यावर अर्धा-पाऊण इंच माती, त्यावर केळीच्या पानाचा तुकडा आणि वरून टॉवेल. केळीचं पान ओलावा आणि ऊब दोन्ही धरून ठेवतं, प्लॅस्टिकपेक्षा कातडीला बरं. वीस मिनिटं.

आणि माती काढल्यावर लगेच, गुडघा सैल आहे तोवर, खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. दोन्ही पायांचे दहा-दहा. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की जिना उतरताना गुडघ्यावरचा भार तो उचलतो. खरा फरक या व्यायामानं पडतो. माती फक्त व्यायाम करण्याइतकं दुखणं कमी करते. मंगळवार पेठेतल्या एक आजी तीन महिन्यांनी जिना चढून माझ्याकडे आल्या तेव्हा मातीचंच कौतुक करत होत्या. मी त्यांना सांगितलं, "आजी, तुम्ही ९० दिवस पाय उचललेत, ते त्याचं फळ आहे."

पूर्ण अंगाला मातीचा लेप, म्हणजे आपल्याकडची खरी मातीची आंघोळ, तुमच्यासाठी आत्ता नाही. तपासणीत पाय नीट निघाले, साखर आटोक्यात असली, तर फेब्रुवारीपासून मे पर्यंत, सकाळी दहा-अकराच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. आपल्याकडे पावसाळ्यात हा उपचार करायचा नाही. दमट हवेत माती वाळत नाही आणि ओल्या मातीत बसून अंग गारठतं. त्याला पाऊण ते एक किलो मुलतानी लागते, हात-पाठ-पोट-मांड्यांवर पातळ थर, तोंड आणि घोट्याखालचे पाय सोडून. कडेची माती फिकी पडायला लागली, कोपराला ताण जाणवला, की काढायची वेळ झाली. पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत थांबलं की कातडी ओढली जाते आणि दोन दिवस खाजते. नंतर कोमट पाणी, साबण नाही, आणि ओलसर अंगावर खोबरेल तेल. हृदयाचा त्रास, दमा, अंगावर जखमा किंवा फुटलेलं इसब असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि सत्तरीपुढच्या माणसांनी हे घरी करू नये.

टबाचं पाकिटावर लिहिलंय, पण तुमच्याकडे टब नाही हे बरंच झालं. गरम पाण्यात अर्धा तास बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खाली मातीनं बुळबुळीत झालेली फरशी असते. ओली चिकणमाती फरशीवर तेलापेक्षा घसरडी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, माझ्याच केंद्रात, साठीच्या एक बाई लेप धुवायला उभ्या राहिल्या आणि घसरल्या. मनगट मोडलं. मी शेजारी उभी होते आणि तरी धरू शकले नाही. चूक माझी होती, मी त्यांना उभं राहू दिलं. तेव्हापासून माझ्याकडे फरशीवर ओलं पोतं अंथरल्याशिवाय आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल ठेवल्याशिवाय कुणाच्याही अंगाला माती लागत नाही, आणि धुणं बसूनच. घरी दाराला आतून कडी लावू नका आणि घरात कुणीतरी असू द्या.

भाचीच्या पाकिटाचं काय करायचं? परवाना आणि बॅच क्रमांक असेल तर फेकू नका. दोन चमचे पूड सात-आठ चमचे पाण्यावर भुरभुरा आणि हात न लावता रात्रभर ठेवा. पुडीवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्याच राहतात. सकाळी तयार झालेलं ते जेलीसारखं मिश्रण हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावा, पंधरा मिनिटांनी धुवा आणि एक दिवस वाट बघा. लाली किंवा खाज आली नाही तर गुडघ्याच्या लेपात एक भाग बेंटोनाइट आणि तीन भाग मुलतानी असं वापरा. लेप चिकटून राहतो आणि ऊब जास्त वेळ टिकते.

वापरलेली माती मोरीत सोडू नका. फरशीवरचीही आधी सुपलीनं बादलीत काढा, मग पाणी मारा. नहाणी ट्रॅपमध्ये ही माती पाणी पिऊन फुगते आणि सिमेंटसारखी बसते. आमच्याकडे प्लंबरला फरशी उचकटावी लागली होती. एकदा वापरलेली पुन्हा वापरायची नाही. कुंडीत किंवा जास्वंदीच्या बुडात ओता.

पट्टी या आठवड्यात सुरू करायला हरकत नाही. गुडघ्याची ऊब पुढच्या आठवड्यात, आधी सासूबाईंना मनगटावर बघायला सांगून. तळपायाची तपासणी झाली की काय निघालं ते मला कळवा, पूर्ण अंगाच्या लेपाचं त्यानंतर ठरवू.